देठ पिंपळाचा, पत्रा छापखान्याचा

मे महिन्याच्या दुपारी पारावर बसलेल्या माणसाला वाऱ्याची झुळूक लागत नाही, तेव्हाही डोक्यावरचा पिंपळ काहीतरी पुटपुटत असतो. शेजारच्या वडाचे पान हलत नाही. आंबा तर झोपलेलाच. फरक देठात आहे. वडाचे जाड पान आखूड, दणकट देठावर ताठ बसलेले असते. पिंपळाचा देठ लांब आणि बारीक, पान त्याला नुसते लटकलेले. वाऱ्याची चाहूल लागली तरी ते डोलते.

हा देठ उसना घेऊन एक भिंत उभी करायची आहे. लोखंडी चौकटीत आडव्या सळया, सळयांवर टांगलेले ३०८ छोटे पत्रे. वारा आला की ज्वारीच्या शेतावरून जाते तशी लाट त्यांच्यावरून जाते. मोटार नाही, वीज नाही, दिवे तर अजिबात नाहीत. शाळेचे आवार, वाचनालयापुढचा मोकळा तुकडा, बाजारतळाची कड, कुठेही चालेल.

कल्पना माझी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान-संग्रहालयात घडलेला नेड कान नावाचा अमेरिकन कलावंत आहे. त्याने २००० साली शार्लट शहरात एका बहुमजली पार्किंगच्या दर्शनी भागावर ॲल्युमिनियमचे ८०,००० छोटे पत्रे टांगले. इमारतीच्या अंगावरून पाणी वाहत असल्यासारखे दिसते. स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरच्या टेक्नोरामा विज्ञान-केंद्राचा दर्शनी भागही त्याने अशाच हलत्या पत्र्यांनी मढवला. आपल्याला ८०,०००च्या फंदात पडायचे नाही. एक वर्ग, एक वेल्डिंगवाला आणि तीन-चार शनिवार एवढ्यात बसेल असे मोजमाप खाली दिले आहे. एका तालुक्याच्या गावी आम्ही हे करून पाहिले, त्यात झालेल्या चुकाही जागोजागी सांगतो.

सुरुवातीलाच एक विनंती. पत्रे पिंपळपानाच्या आकाराचे कापू नका. मोह होतो, आणि गावातले कोणीतरी तसे सुचवतेच. पण तसे केले की लोक पान बघतात आणि वारा बघायचा राहतो. आकार चौकोनीच ठेवा. पिंपळाकडून आपण फक्त लटकणे शिकतो आहोत.

जागा

भिंत वाऱ्याला आडवी हवी. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो हे पुस्तकात बरोबर आहे. पण गावातल्या वाऱ्याला गल्ल्या असतात, तो इमारतींना वळसे घालून कुठूनही येतो. म्हणून जागा ठरवण्याआधी एक आठवडा तिथे बांबू रोवून त्याला जुन्या पातळाच्या दोन बोटे रुंद चिंध्या बांधा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला चिंधी कुठे उडते ते वहीत लिहायला मुलांना सांगा. आमच्या जागेवर वारा शाळेच्या दोन इमारतींमधल्या बोळातून थेट उत्तरेकडून येत होता. चिंध्या नसत्या तर आम्ही भिंत नव्वद अंशांनी चुकीची लावली असती.

विजेच्या तारांपासून लांब राहा. तिरपे ऊन पत्र्यावरून उसळून रस्त्यावरच्या गाडीवानाच्या डोळ्यांत जाईल, अशा कोनातही भिंत नको. जागा सार्वजनिक असेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ठराव आधी हातात घ्या. त्यात ‘देखभाल कोणाकडे’ ही ओळ असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

साहित्य

पत्रा छापखान्यातून आणायचा. ऑफसेट छपाईच्या वापरलेल्या प्लेटी ॲल्युमिनियमच्या असतात, ०.१५ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या, आणि छापखाने त्या भंगारात किलोवर विकतात. आपल्याला ०.३ची प्लेट हवी, त्याहून पातळ असेल तर वाऱ्यात चुरगळते. प्लेट २२ बाय २६ इंचांच्या आसपासची असेल तर एकीतून ४९ पत्रे निघतात. म्हणजे सात प्लेटी पुरतात, पण दहा आणा. कापताना मुले वाया घालवतात आणि शिक्षक त्याहून जास्त.

सळया स्टेनलेस स्टीलच्या, ३ मिलिमीटर जाड, प्रत्येकी १३१० मिलिमीटर लांब, २२ नग. चौकटीला ४० बाय ४०चा बॉक्स पाइप आणि मध्ये उभी ४० बाय ५ची लोखंडी पट्टी. ठिबक सिंचनाची बारीक नळी, आतून ४ आणि बाहेरून ६ मिलिमीटरची, चार मीटर पुरते. शेतकऱ्याच्या गोठ्यात तिची जुनी वेटोळी फुकट मिळतात. इलेक्ट्रिकच्या दुकानातून स्ट्रिप कनेक्टर घ्या आणि त्यांच्या आतल्या स्क्रूच्या पितळी नळ्या काढून ठेवा. याशिवाय पत्रा कापायची कात्री, कानस, चपटी पक्कड, ५ मिलिमीटर जाडीची वीतभर गोल सळई, गुण्या, ओळंबा आणि जाड हातमोजे.

इथे ‘टाकाऊतून टिकाऊ’चा फलक लावायची घाई होते, म्हणून थोडे थांबतो. छापखान्याची प्लेट टाकाऊ नसतेच. ती कचऱ्यात न जाता भट्टीत जाते आणि पुन्हा ॲल्युमिनियम होऊन येते. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम करायला लागते त्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जेत हे काम होते. म्हणजे आपण कचरा वाचवत नाही, चालू असलेल्या एका चांगल्या चक्रातून पत्रा काही वर्षांपुरता उसना घेतो. उसनी वस्तू परत करता आली पाहिजे. म्हणून पत्र्यांना रंग नाही, गोंद नाही, स्टिकर नाही. भिंत उतरवायची वेळ येईल तेव्हा पत्रे सळईवरून ओढून काढून थेट भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवता यावेत.

पत्रे कापणे

प्लेटी आधी साबणाच्या पाण्याने धुवा, हातमोजे घालून, कारण त्यांवर शाई आणि रसायनांचा थर असतो. छापलेल्या मजकुराची निळसर-हिरवी सावली तरीही राहील. ती बाजू मागे जाऊ द्या. आमच्या भिंतीच्या मागच्या अंगाला कुठल्याशा लग्नपत्रिकेतले अर्धे नाव आणि खतांच्या जाहिरातीतला टोमॅटो आहे. मुलांचा सगळ्यात आवडता भाग तोच.

प्रत्येक पत्रा ७५ मिलिमीटर रुंद आणि ८८ उंच. वरच्या १८ मिलिमीटरच्या पट्टीतला मधला भाग कापून टाका आणि दोन्ही कोपऱ्यांत १२-१२ मिलिमीटर रुंदीचे दोन कान ठेवा. खालचे दोन कोपरे किंचित छाटा आणि चारही कडांवरून कानस फिरवा. नुकता कापलेला पत्रा ब्लेडसारखा असतो. चौथीच्या खालच्या मुलांना हे काम देऊ नका, त्यांना नळी कापायला बसवा.

पत्रा मोठा असावा की छोटा यावर आमच्याकडे बराच वाद झाला. तो कागदावर सोडवता येतो. वरच्या कडेला टांगलेला सपाट पत्रा वाऱ्यात किती उचलला जाईल हे त्याच्या आकारावर ठरत नाही, दर चौरस फुटाला त्याचे वजन किती यावर ठरते. क्षेत्रफळ दुप्पट केले की वारा दुप्पट लागतो आणि वजनही दुप्पट होते, हिशेब तिथेच राहतो. जाडी मात्र सगळे बदलते. ०.३ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा सेकंदाला २ मीटर वाऱ्यात, म्हणजे झाडाची पाने नुकती सळसळू लागतात तेवढ्या वाऱ्यात, १५ ते २० अंश उचलला जातो. तोच पत्रा १ मिलिमीटर जाड घेतला तर पाच-सहा अंशही मुश्किलीने. वेल्डिंगवाला म्हणेल, ‘साहेब, जरा जाड घ्या, टिकेल.’ टिकेल खरे, पण हलणार नाही. आकार लहान ठेवायचा तो वेगळ्या कारणासाठी. वाऱ्याचा झोत सगळ्या भिंतीवर एकाच क्षणी येत नाही. पत्रे छोटे असले तर झोत कुठून शिरला आणि कुठे विरला ते दिसते. मोठे असले तर नुसत्या खिडक्यांची उघडझाप.

कान वळणे

सगळी कला इथे आहे, त्यामुळे घाई नको. कान ५ मिलिमीटरच्या गोल सळईवर ठेवून पक्कडीने हळूहळू गुंडाळा, पुरी वळते तसे पूर्ण गोल. तोंड जवळजवळ मिटले पाहिजे. दोन्ही कान एकाच रेषेत आले पाहिजेत. त्यासाठी लाकडी ठोकळ्यात एक खाच पाडा, सळई खाचेत ठेवा आणि दोन्ही कान एकाच वेळी वळा. एकेक करून वळलेला कान थोडा तिरका होतो आणि तिरका कान सळईला चावतो.

सळई ३ मिलिमीटरची आणि कानाचे भोक ५चे, हा सैलपणा मुद्दाम ठेवला आहे. घट्ट बिजागरी घराच्या दाराला शोभते. इथे कान सळईच्या माथ्यावर फक्त टेकलेला असावा. नळीचे तुकडे बाहेरून ६ मिलिमीटरचे असल्यामुळे ते ५च्या भोकात शिरून अडकत नाहीत. पहिल्यांदा आम्ही कान ६वर वळले होते. नळ्या कानात घुसल्या, आणि शंभरेक पत्रे उलगडून पुन्हा वळावे लागले.

प्रत्येक पत्र्याची परीक्षा घ्या. सळईवर अडकवून हातभर अंतरावरून फुंकर मारा. पत्रा उचलला जाऊन चार-सहा हेलकावे खाऊन थांबला की पास. एका हेलकाव्यात थांबला तर कान चावतो आहे. पुन्हा वळा. या परीक्षेला मुले रांग लावतात.

तेल लावायचे नाही. हे जुन्या मिस्त्रींना पटत नाही, त्यांच्या लेखी हलणारी वस्तू म्हणजे तेल. पण उघड्यावर तेलाला धूळ चिकटते, तेल आणि धूळ मिळून घासायची पेस्ट होते आणि कान आतून झिजतो. कोरडाच ठेवा.

समुद्रकाठी, म्हणजे कोकणात किंवा गोव्यात, एक बदल करावा लागतो. खाऱ्या दमट हवेत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून राहिले तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तिथे सळईही ॲल्युमिनियमचीच घ्या, ४ मिलिमीटरची, आणि कान व नळी त्या मानाने मिलिमीटरभर मोठे ठेवा.

चौकट

आतून १२०५ मिलिमीटर रुंद आणि १८०० उंच. मधोमध ती लोखंडी पट्टी, कडेवर उभी, म्हणजे दोन्ही बाजूंना ६००-६०० मिलिमीटरचे कप्पे. आम्ही आधी पट्टी न घालता एकच लांब सळई टाकली होती. ती मध्ये दीड इंच झोळली आणि सगळे पत्रे वाळत घातलेल्या कपड्यांसारखे मधोमध गोळा झाले. कप्पा निम्मा केला की झोळ निम्म्यावर येत नाही, तो सोळाव्या हिश्शावर येतो. एका पट्टीची ही किमया.

पट्टीला आधी भोके पाडा. पहिले भोक वरून ४० मिलिमीटरवर, पुढे दर ८० मिलिमीटरवर एक, अशी २२. मग तीच पट्टी दोन्ही उभ्या बॉक्स पाइपांवर ठेवून खुणा करा. मोजण्यात चूक झाली असली तरी ती तिन्हीकडे सारखीच होईल आणि सळया आडव्याच राहतील. बॉक्स पाइपला भोके आरपार, ४ मिलिमीटरची. त्यानंतर वेल्डिंग, गुण्या लावून, कर्ण दोन्हीकडून मोजून. मग रेडऑक्साइड आणि कुठलाही गडद रंग. पत्रे टांगण्याआधी वेल्डिंगची सगळी कामे संपवा. उडालेली ठिणगी एवढ्या पातळ पत्र्यात भोक पाडते.

ओवणे

सळईचे एक टोक काटकोनात वाकवा. दुसऱ्या टोकाकडून चौकटीच्या बाहेरून आत सरकवा आणि ओवत चला. आधी नळीचा ८ मिलिमीटरचा तुकडा, मग पत्रा, मग तुकडा, मग पत्रा. एका कप्प्यात सात पत्रे आणि आठ तुकडे. बोटभर जागा मोकळी उरते, ती उरू द्या, उन्हात सगळे फुगते. मधल्या पट्टीतून पलीकडे, पुन्हा सात पत्रे, आणि सळईचे टोक बाहेर आले की त्यावर कनेक्टरची पितळी नळी चढवून स्क्रू आवळा.

ही पितळी नळी मला या भिंतीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू वाटते. गावोगावच्या चौकांत बंद पडलेली कारंजी आणि न फिरणारी चक्रे बघा. बहुतेकांचा एखादा छोटा भाग गेलेला असतो, आणि तो बदलायला वेल्डिंग कापावे लागते, क्रेन लागते किंवा मूळ ठेकेदार लागतो. म्हणून कोणी हात लावत नाही. आपल्या भिंतीतला कुठलाही पत्रा शिपायाला शिडीवर चढून एका स्क्रू-ड्रायव्हरने बदलता आला पाहिजे. बाकी सगळे मोजमाप चुकले तरी चालेल, हे चुकू नये.

उभारणी

चौकटीचा खालचा काठ जमिनीपासून सात फूट वर हवा, मुलांची बोटे पत्र्याच्या कडांपर्यंत पोचू नयेत म्हणून. पण त्यामुळे खांब उंच होतात आणि वारा त्यांना तरफेसारखा उपटू बघतो.

सगळ्या हलत्या पत्र्यांचे मिळून वजन दीड किलोच्या आसपास, म्हणून या भिंतीला कोणी गंभीरपणे घेत नाही. वादळात मात्र वजन मोजायचे ते वाऱ्याचे. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ३९ मीटरला तो सुमारे ९१२ येतो, म्हणजे चौरस मीटरला ९३ किलो. आपली चौकट सव्वादोन चौरस मीटरच्या आत-बाहेर, तेव्हा दोनशे किलोंच्या वर जोर, तोही दहा फूट उंचीवर. पत्रे उचलले जाऊन वाऱ्याला वाट देतात, त्यामुळे प्रत्यक्षात जोर कमी लागेल. पण ती सूट धरू नका. पत्रे मांज्यात अडकून बसले असतील त्याच दिवशी वादळ येईल. भिंत सपाट पत्र्याची आहे असे समजून खांब आणि पाया ठरवा, आणि तो हिशेब गावातल्या सिव्हिल इंजिनिअरच्या सहीने घ्या. काळी माती असेल तर तसे त्यांना आवर्जून सांगा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया हलवते.

खांब ओळंब्यात उभे करा, काँक्रीटला किमान आठवडाभर पाणी मारा, मगच चौकट चढवा. चौकट खांबांना नट-बोल्टने जोडा.

पहिले आठ दिवस

आवाज ऐका. नीट ओवलेली भिंत सळसळते. टणटण ऐकू आली तर कुठेतरी नळीचा तुकडा राहिला आहे किंवा पत्र्याची खालची कड खालच्या सळईला लागते आहे, तिथे तीन-चार मिलिमीटर फट असायला हवी. आमच्या भिंतीने पहिल्याच रात्री टणटणाट केला आणि सकाळी शेजारच्या घरातल्या आजी मुख्याध्यापकांच्या खुर्चीसमोर बसलेल्या होत्या. ‘बाळा, तुमची ती भांडी घासायची रात्री बंद ठेवा.’ अकरा पत्र्यांची कड छाटली, प्रश्न मिटला. आता आजी वारा किती आहे ते भिंतीकडे बघून सांगतात.

देखभाल

वर्षातून तीन वेळा, आणि तारखा अशा की विसरायला होणार नाही. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात अडकलेला मांजा कात्रीने कापून काढा, ओढू नका, कान उघडतात. मृग लागण्याआधी सगळे बोल्ट आवळा, खांबाच्या बुडाशी रंग उडाला असेल तिथे हात मारा आणि पाण्याच्या पाइपने धूळ धुवा. तिसरी खेप खंडेनवमीला. हत्यारे त्या दिवशी बाहेर निघतातच, पूजा झाली की शिडी लावून पावसाळ्यात वाकलेले पत्रे बदला.

उरलेल्या प्लेटींतून तीसेक पत्रे जास्तीचे वळून ठेवा. ते पत्रे, दहा पितळी नळ्या, ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा, ५ मिलिमीटरची सळई आणि एक स्क्रू-ड्रायव्हर असे सगळे बिस्किटाच्या मोठ्या डब्यात घालून कार्यालयाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा: कान १८, भोक ५, तेल लावू नये.